मामा तलावाकाठच्या तीन प्रजाती : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२५

काम ठरलं. किशोरवयीन वाचकांसाठी चित्रकादंबरी. मजकूर माझा, चित्रं देसाईगंजच्या मित्राची. एरवी तो झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवतो. दिवाळीनंतर सुरू झालेला नाटकांचा हंगाम आता ओसरत आलाय, त्यामुळे त्याचा हात मोकळा होतोय.

जागा आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्यासारखाच एक मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातले. असे तलाव पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत आणि त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. एका बाजूला मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, वरच्या अंगाला जंगल. एवढ्याशा जागेत पाणी, चिखल, गवत, मोह, वारुळं सगळं मिळतं. गोष्टीत माणूस नाही. तीन कल्पित प्रजाती आहेत: मोहाच्या ढोलीत टोळीने राहणारे घुमे, जंगलात एकटे फिरणारे वारुळे, आणि तलावाच्या उथळ पाण्यातले उंच गाळपाये.

मित्राने चित्रं सुरू करण्यासाठी तक्ता मागितला: कोण भित्रं, कोण रागीट, कोण गर्विष्ठ. तसा तक्ता मी देणार नाही. ‘रागीट’ एवढ्यावरून एक पानही लिहिता येत नाही. रागीट प्राणी सकाळी उठून करतो काय? कुणावर रागावत नाही तेव्हा कसा बसतो? त्याऐवजी प्रत्येक प्रजातीला तीन प्रश्न विचारायचे. खायला काय आणि ते कसं मिळतं? पिल्लं कोण वाढवतं? मरण कुठून येतं? त्या उत्तरांतून एकच गोष्ट काढायची: काहीतरी अचानक घडलं तर त्या प्रजातीचा प्राणी विचार करण्याआधी काय करतो?

कामापुरता नियम लिहून भिंतीवर लावलाय: पहिली हालचाल प्रजातीची, दुसरी ज्याची त्याची.

१९ मार्च

मोह गळायला लागलाय. पहाटे टोपल्या घेऊन बाया जंगलाच्या काठाला जातात आणि दरवर्षी या दिवसांत अस्वलाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. दोघांनाही फुलं हवी असतात, दोघंही अंधारातच निघतात.

वारुळ्यांचा पाया अस्वलावरच उभा करतेय, त्यामुळे आज अस्वलाचं खाणं नीट मांडून घेतलं. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. लांब नखांनी वारूळ फोडायचं, तोंड आत घालायचं, आधी फुंकर मारून माती उडवायची आणि मग त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. नाकपुड्या मिटता येतात, म्हणून धूळ आत जात नाही. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज बराच लांबून ऐकू येतो. आता त्या अस्वलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. डोकं मातीत, कानात आपलाच आवाज, नजर मुळातच कमजोर. जवळ कुणी आलंय हे कळतं तेव्हा ते अगदी अंगाशी आलेलं असतं. त्यात पिल्लं पाठीवर बसलेली, कारण आई त्यांना पाठीवर घेऊनच फिरते. अशा वेळी ती आधी पंजा मारते.

बघणारा म्हणतो रागीट. आतून ते दचकणं आहे.

तर वारुळ्यांची पहिली हालचाल: उभं राहून समोर फटका. समोर कोण आहे ते नंतर. आता याचा त्यांच्या आपसातल्या वागण्यावर काय परिणाम होईल? दचकलं की जीव जातो हे ठाऊक असलेली प्रजाती दुसऱ्याला दचकू देणार नाही. म्हणून वारुळ्यांचा सगळ्यात मोठा शिष्टाचार लांबूनच आवाज करत येण्याचा. जमिनीवर पाय आपटायचा, थांबायचं, उत्तराची वाट बघायची, मग दहा पावलं. आई पिल्लाला पहिली गोष्ट हीच शिकवते. गुपचूप येणारा त्यांच्या लेखी हलकट.

ज्यांना बाकीचे दोघं तापट समजतात ते या गोष्टीतले सगळ्यात अदबशीर प्राणी निघाले. इथे मला प्रकल्पावर भरवसा वाटायला लागला.

११ एप्रिल

घुम्यांसाठी अंगणातले सातभाई पुरेत. थवा कधी फुटत नाही, कलकल कधी थांबत नाही. एका जोडीच्या घरट्यातल्या पिल्लांना थव्यातले बाकीचेही चारा भरवतात. बाकीचे पाचोळा उलटत असताना एखादा वर फांदीवर बसून राखण करतो. आफ्रिकेतले मीरकॅट, मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी, तर याच्या पुढे जातात. राखण करणारा मीरकॅट हलक्या आवाजात सतत बोलत राहतो आणि त्यावरून खाली खाणाऱ्यांना कळतं की सगळं ठीक आहे, मान वर करायची गरज नाही.

हे मी जसंच्या तसं घेतलं आणि टोळीभर पसरवलं. घुमे जागेपणी घुमत असतात, नाकातून, अगदी बारीक. घुमकार चालू आहे म्हणजे जग जागेवर आहे. धोक्याची हाक त्यांच्याकडे नाहीच. ज्याला धोका दिसतो तो गप्प होतो, शेजारचा गप्प होतो आणि क्षणात सगळी टोळी. पहिली हालचाल: गप्प होणं आणि पिल्लांभोवती गोळा होणं.

मग ध्यानात आलं की तिन्ही प्रजातींना एकाच गोष्टीवर तोलता येईल, आणि ती गोष्ट म्हणजे शांतता. घुम्यांना शांतता म्हणजे मरण. वारुळ्यांना शांतता म्हणजे दगा. गाळपाये पाण्यात तासन् तास न हलता उभे राहून खातात, त्यांना शांतता म्हणजे घर. कुणीही वाईट नाही, तरी एकाच पाळीवर तिघांचं जमणं कठीण. गोष्टीतलं भांडण मला बाहेरून आणावं लागणार नाही.

मित्राला रात्री फोन केला. म्हणाला, “मंग घुम्यांचे नाक मोठे काढतो. अन् गप्प झाले का कान उभे.” अगदी तेच हवं होतं. शरीरात दिसत नाही असा स्वभाव चित्रकादंबरीत टिकत नाही.

५ मे

घरी तेंदूपानांचा हंगाम. पहाटे जंगल, दुपारी ७०-७० पानांचे पुडे बांधायचे. लिहिणं बंद. एक टिपण तेवढं: आपल्याकडचा पट्ट्यांचा तरस बहुतेक एकटाच दिसतो, आफ्रिकेतला ठिपक्यांचा तरस मोठ्या टोळीत राहतो आणि तिथे माद्या वरचढ असतात. एकाच कुळातले दोन प्राणी इतके वेगळे वागतात. म्हणजे ‘तरसासारखा’ म्हणून काही सांगता येत नाही. कुठला तरस, काय खातो, हे विचारावंच लागतं.

१८ मे

आजची नोंद मोठी होणार, कारण हा मुद्दा सोडून पुढे गेलं तर पुस्तक काढूच नये.

अख्ख्या प्रजातीला एक स्वभाव देणं हा खेळ साधा नाही. आपल्या देशात माणसांच्या बाबतीत तो कायद्याने खेळला गेलाय. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्खे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पोराने काही करायच्या आधीच त्याचं नाव पोलिसांच्या वहीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला. भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण विदर्भातल्या गावात पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, लोक अजून कसे बघतात ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या पुस्तकाच्या वाचकांत त्या बेड्यावरची पोरंही असणार.

म्हणून तीन बंधनं घालून घेतली. एक, चोर, लबाड, क्रूर, आळशी हे शब्द प्रजातीला लागणार नाहीत. ते निवाडे आहेत. अन्न, पिल्लं आणि धोका यांतून जे येतं तेवढंच प्रजातीचं. दुसरं, निवाडे असतील ते पात्रांच्या तोंडी. गाळपाया म्हणेल की वारुळे रागीट आहेत, आणि चार पानांनी वाचकाला वारुळ्याच्या आत नेऊन दाखवायचं. तिसरं, कुठल्याही प्रजातीत कुठलाही मानवी समाज ओळखू येता कामा नये. पोशाख, ताट, देव, आडनावं, काही नाही.

या तिसऱ्यात बोली सगळ्यात नाजूक. पुण्या-मुंबईकडच्या करमणुकीत वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारं पात्र बहुतेक हसवायलाच येतं. माझ्या पुस्तकात शहाणे प्रमाण मराठी आणि भाबडे झाडीबोली बोलणार असतील तर मी तेच करतेय. निर्णय: तिन्ही प्रजाती आमचीच बोली बोलतील. फरक शब्दांत नाही, कोण कशाकडे आधी लक्ष देतं त्यात. घुमा आधी विचारेल कोण कोण आहे. वारुळा विचारेल वास कुठून आला. गाळपाया विचारेल पाणी किती.

७ जून

पहिलं वाचन. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर मोहल्ल्यातली पोरं बसली होती. पात्रांची नावं गाळून संवाद वाचले आणि कोण बोलतंय ते ओळखायला सांगितलं. घुमे आणि वारुळे पोरांनी पहिल्या-दुसऱ्या वाक्यातच ओळखले. गाळपाये अजून कच्चे आहेत, ते कुणासारखेही वाटतात.

सातवीतली एक पोरगी मात्र अडून बसली. “पन सगळे घुमे सारखेच भेतेत काय? आमच्या घरच्या बकऱ्या तं सारख्या नाहीत. एक कुत्रं पाह्यलं का पयते, अन् एक त्याच्याच अंगावर जाते.”

मी म्हटलं, कुत्रं दिसल्यावर अगदी पहिल्यांदा दोघी काय करतात? तिने विचार केला आणि म्हणाली, “मान वर करतेत. दोघी.”

माझा नियम तिने तिच्या दारातून आणून दिला. मान वर करणं शेळीचं. पळणं किंवा अंगावर जाणं त्या त्या शेळीचं.

हा फरक निसर्ग पुसून का टाकत नाही, याचं उत्तर नेदरलँड्समधल्या एका अभ्यासातून मिळतं. ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांत काही नव्या जागेत झपाट्याने शिरतात, काही हळूहळू चाचपत. ही वृत्ती काही प्रमाणात आईबापांकडून पिल्लांत उतरते. एखाद्या हिवाळ्यात धाडशी जास्त तगतात, दुसऱ्यात सावध. त्या वर्षी झाडांना बिया किती आल्या, त्यावर ते ठरतं. दरवर्षी सोंगटी पालटते, म्हणून दोन्ही तऱ्हा शिल्लक राहतात.

घुम्यांच्या टोळीत आता दर पिढीत एक-दोघं असे असतील की ज्यांचा घुमकार सगळ्यांच्या नंतर थांबतो. टोळी त्यांना ‘उशिरे’ म्हणते. सुगीच्या वर्षी उशिऱ्यांचं पोट भरलेलं असतं, कारण ते प्रत्येक सळसळीला खाणं सोडत नाहीत. बिबट्याच्या वर्षी उशिरे आधी जातात. नायिका रुणू उशिरी आहे.

२९ जून

आज दोन टोळ्यांचा प्रश्न सोडवला. गोष्टीत दोन तलाव आहेत आणि दोन्हीकडे घुमे. ते जर डिट्टो सारखे वागले तर प्रजाती खोटी वाटेल. वेगळे वागले तर सामायिक स्वभाव कुठे राहिला?

केनियातल्या बबून माकडांची हकिगत इथे कामी येते. रॉबर्ट सापोल्स्की हे शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करत होते. १९८०च्या दशकात एका कळपातले भांडकुदळ नर पर्यटकांच्या लॉजच्या उकिरड्यावर खायला जायचे. तिथल्या मांसातून क्षयरोग झाला आणि ते मेले. मागे राहिले मवाळ नर आणि माद्या. कळपाचं वागणंच निवळलं. मारामाऱ्या कमी, एकमेकांच्या अंगावरच्या उवा काढणं जास्त. पुढे ते जुने नरही गेले, बाहेरून नवे आले, तरी कळपाची रीत तीच राहिली. नवे आलेले ती रीत शिकले. बबूनची प्रजाती बदलली नव्हती, वरिष्ठाला ओळखणं, जागेसाठी धडपडणं होतंच. बदलली ती त्या कळपाची वहिवाट.

म्हणजे तीन थर झाले. प्रजातीचा स्वभाव, टोळीची वहिवाट, एकेकाची तऱ्हा. वरच्या तलावाचे घुमे अनोळख्याला मध्ये घेऊन घुमतात. खालच्या तलावाचे अनोळखी आला की घुमकाराचा सूर उंच नेतात आणि त्याला काठावर बसवतात. खालच्यांनी एका दुष्काळात बाहेरच्याला मध्ये घेतलं होतं आणि पिल्लं गमावली. ती आठवण आता कुणालाच नाही, रीत तेवढी उरली. पण अचानक आवाज झाला तर दोन्हीकडचे गप्पच होतात.

म्हाताऱ्या मादीची गरजही इथे लागते. २०२१ मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत रानहत्ती आले तेव्हापासून आमच्याकडे हत्तींची चर्चा थांबलेली नाही. कळप वयस्क हत्तीण चालवते हे आता इथलं पोरगंही सांगतं. खालच्या टोळीची म्हातारी अशी हवी, जिला रीत कुठून आली ते अर्धवट माहीत आहे.

२० जुलै

रोवणी चालू. पऱ्हे उपटून बांध्यांत नेतायत, दिवसभर कंबर वाकलेली. दुपारी पाळीवर भाकर खाताना खालच्या बांधीत सारसांची जोडी होती, म्हणून आज गाळपाये सुटले.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि लागूनच्या भागात उरलेत. माणसाएवढा उंच पक्षी, जोडी सहसा आयुष्यभराची, घरटं धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या देवधानात (आपोआप उगवणाऱ्या रानभातात), अंडी बहुधा दोन. एवढी कमी पिल्लं असलेला प्राणी घाई करत नाही, जागा सोडत नाही आणि जोडीदाराला नजरेआड होऊ देत नाही.

त्यांचं ओरडणं जवळून ऐकण्यासारखं आहे. दोघं शेजारी उभे राहतात, माना सरळ वर, चोची आभाळाकडे. नर एक लांब हाक देतो आणि तिच्या पोटातच मादी दोन आखूड हाका देते. पुन्हा एक, पुन्हा दोन. लांबून एकच पक्षी ओरडतोय असं वाटतं. गुराखी काकाजी शेजारी बसले होते, म्हणाले, “एकटा राह्यला तं अर्धीच हाक देते जी तो. मंग लय दिस उत्तराची वाट पायते.”

गाळपायांची पहिली हालचाल यातूनच: जागच्या जागी थांबणं आणि जोडीदाराकडे बघणं. बोलणंही त्याच चालीवर. एक जण लांब वाक्य सुरू करतो, दुसरी दोन छोटी वाक्यं त्यात घालते. “पाणी आज पाळीच्या दगडापर्यंत...” “चढलं. अन् गढूळ हाय.” एकटा गाळपाया बोलतो तेव्हा वाक्यं अर्धी राहतात. ओट्यावर हे वाचलं की पोरं आता गाळपायाला ओळखतील, आणि त्यातला विधुर कोण तेही न सांगता ओळखतील.

९ ऑगस्ट

पाळ फुटण्याचा प्रसंग लिहिला. सगळं काम इथेच पारखायचं होतं. कच्चा खर्डा:

“घुमकार थांबला. ढोलीतले सगळे पिल्लांवर ओणवे झाले. पाण्याचा आवाज आता पाळीच्या पोटातून येत होता. समोरच्या अंधारात वारुळी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पावसालाच तिने पंजा मारला. पाठीवरचं पिल्लू घसरलं. तिला ते दिसेना. वास पावसाने धुऊन नेला होता. रुणूने आईच्या अंगाखालून मान बाहेर काढली आणि घुमायला लागली. एकटी. टोळीतल्या कुणीतरी तिचा कान चावला. ती थांबली नाही. वारुळीने कान टवकारले, एकदा पाय आपटला आणि थांबली. रुणू घुमतच होती. मग दहा पावलं.”

वारुळी अशा वेळीही पाय आपटून उत्तराची वाट बघते, हे लिहिताना मला वेगळं काही योजावं लागलं नाही, ते आपसूक आलं. आणि रुणूचं धाडस कुणी न सांगता कळतं, कारण संकटात घुमणं म्हणजे घुम्याने काय मोडणं आहे ते वाचकाला शंभर पानांपासून ठाऊक आहे. सामायिक स्वभाव पक्का नसता तर हा आवाज नुसता आवाज राहिला असता.

मित्राचा एकच आक्षेप: गाळपाये या पानावर नुसते उभे आहेत. मी म्हणाले, ते तसेच राहू दे. पुढच्या पानावर नराची हाक जाते आणि तिच्यात एकच आखूड हाक येते, दोन नाहीत. मादी जखमी आहे हे तेवढ्यावर कळेल. त्याला पटलं. दोघांच्या माना वेगवेगळ्या उंचीवर काढणार आहे.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. शेवटचा अडलेला प्रश्न आज हातावेगळा केला: पुरात वाहून आलेलं घुम्याचं पिल्लू गाळपाये वाढवतात. ते मोठं होऊन कसं वागेल?

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, कावळीच्या चोचीतून खातं, दिवसभर काव काव ऐकतं, तरी नर असेल तर मोठं झाल्यावर कुहूच करतं. म्हणजे काही गोष्टी कितीही दुसऱ्या घरात वाढलं तरी येतातच. उलट कितीतरी गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं आपल्या जातीच्या मोठ्यांचं गाणं न ऐकता वाढली तर त्यांचं गाणं नीट बसत नाही. म्हणून वाटणी अशी केली: घुमणं पिल्लाच्या अंगातच असेल. घुमण्याचा ताल मात्र ते गाळपायांकडून उचलेल, एक लांब, दोन आखूड. अचानक आवाज झाला की ते गप्प होईल, हे अंगातलं. पण गोळा व्हायला टोळी नाही, म्हणून मान वर करून गाळपायाकडे बघेल, हे शिकलेलं.

ते रुणूच्या टोळीत परत येतं तेव्हा त्याचा ताल ऐकून सगळे गप्प होतात. घुम्यांच्या लेखी हे धोक्याचं गप्प होणं, आणि गाळपायांत वाढलेल्या त्या पिल्लाला तीच शांतता घरची वाटते. ते निवांत खाली बसतं. इथून पंधरावं प्रकरण सुरू.

मित्राला पिल्लाची तीन चित्रं सांगितली: नाक घुम्याचं, उभं राहणं गाळपायासारखं एका पायावर, कान उभे. खर्डा पुढच्या आठवड्यात ओट्यावर वाचायचा, बकऱ्यांवाल्या पोरीला आधी बोलावून.